हेमू जागी होती

॥ श्री ॥
कोल्हापूर, ८ जानेवारी १९८१

चि. नृसिंहास अक्काचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. मुंबईच्या खाणावळीत जेवून काटकी झालास म्हणे. मग लग्न कर की! प्रयोगशाळेतल्या उंदरांना वेळेवर खायला घालतोस आणि तुझ्या ताटाकडे कुणी बघायचं? तुझे दाजी तर म्हणतात, ह्याला एखादी उंदरीणच बघा. राग मानू नकोस हं.

हेमूचं काय लिहू? बारावं सरत आलं पोरीला. रोज रात्री गार्डिनालची गोळी देते, तरी फिट यायची ती येतेच. परवा शाळेत प्रार्थनेला उभी असताना पडली, दातखीळ बसून जीभ चावली. हेडबाईंनी दाजींना बोलावून सांगितलं की बरी होईपर्यंत घरीच ठेवा, बाकीच्या मुली भितात. तेव्हापासून दप्तर उशाशी घेऊन झोपते. आणि झोपते म्हणजे काय, त्या गोळीनं दिवसभर पेंगतच असते. हाक मारली की डोळे उघडते आणि पुन्हा मिटते. माझं काळीज तुटतं रे.

दिवाळीत तू म्हणाला होतास, भांगेत काहीतरी सापडलंय, त्यानं फिट थांबते. तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही. मला कळेल असं सगळं नीट लिही.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या माईंना, थंडीनं गुडघे धरलेत, बाकी ठीक. उत्तराला उशीर करशील तर बघ.

तुझी अक्का,
कालिंदी


मुंबई, १९ जानेवारी १९८१

ती. अक्कास सा. न. वि. वि.

उंदरीण चालेल, पण तिला तुझ्यासारखा तांबडा रस्सा करता आला पाहिजे.

आता हेमूचं. भांगेच्या झाडात पुष्कळ द्रव्यं असतात. त्यातलं एक डोक्यात चढतं आणि माणूस खुळ्यासारखा हसत सुटतो. दुसऱ्याचं नाव कॅनाबिडिऑल. ते चढत नाही. ब्राझीलच्या डॉक्टरांनी ते वेगळं काढून फिट येणाऱ्या थोड्या रोग्यांना दिलं. काहींच्या फिट जवळजवळ थांबल्या, काहींच्या कमी झाल्या, एखाद्याला काहीच गुण आला नाही. मेंदूत एकदम वीज उसळावी तशी फिट येते. हे द्रव्य ती उसळी कशी शमवतं, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. शिवाय मूठभर रोग्यांवरून काही ठरवता येत नाही, अक्का.

आणखी एक. पोटात गेलेलं औषध मोडून संपवायचं काम यकृताचं. हे द्रव्य त्या कामात आडवं येतं. गार्डिनालच्या जातीचं औषध आणि हे, दोन्ही एकत्र दिलं की उंदीर कितीतरी जास्त वेळ झोपून राहतात. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दोन्ही एकत्र देणं धोक्याचं. आणि बाजारातली भांग म्हणजे हे औषध नव्हे, तिच्यात चढणारंच जास्त. घरी काही करू नकोस. औषध तयार होऊन आलं, तर पहिली बाटली मी हेमूसाठी घेऊन येईन.

दाजींना आणि माईंना नमस्कार, हेमूला पापा. माया आहेच, ती राहू दे.

तुझा,
नृसिंह


॥ श्री ॥
कोल्हापूर, २ मार्च १९८१

चि. नृसिंहास अ. आ.

अरे, हेमू जागी झाली! तुला काय सांगू आणि किती सांगू!

तुझं पत्र माईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, बरोबरच हाय त्याचं, दोन औषधं एका पोटात नांदत न्हाईत. वैद्याचं घेतलं की डॉक्टरचं बंद, हे पथ्य त्यांनी जन्मभर पाळलंय. तूही एकत्र धोक्याचं म्हणून लिहिलंस. म्हणून गेल्या आठवड्यात गोळी बंदच केली. माईंनी महादेवाच्या देवळातल्या गुरवाकडून भांगेची पानं आणली. शिवरात्र तोंडावर आहे, कोण कशाला विचारतंय? अगदी चिमूटभर, बदाम-खसखशीबरोबर वाटून दुधातून देते. घरी काही करू नको लिहिलंस, वाचलं बाबा. पण आई आहे मी.

पहिले एक-दोन दिवस काही नाही, आणि मग पोर सकाळी आपण होऊन उठली. शेजारच्या शमशादभाभींच्या मलिकाशी सागरगोट्यांवरून भांडली. वेणी घट्ट घातलीस म्हणून माझ्यावर ओरडली. तुझे दाजी कधी नव्हे ते परड्यात जाऊन डोळे पुसून आले. फिट एकदाही नाही. डॉक्टरांना अजून सांगितलं नाही, रागावतील. शिवरात्र झाली की हेडबाईंना भेटायला यांना धाडते.

तुझं शिक्षण आज कामी आलं बघ. सुखी राहा, आणि आम्हाला असाच जवळ धरून राहा.

तुझी अक्का,
कालिंदी


मुंबई, ५ मार्च १९८१

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र आत्ता हातात पडलं. आधी तार करून आलो, मग लिहायला बसलो. गोळी आजच्या आज सुरू कर आणि हेमूला डॉक्टरांकडे ने. रागावले तर रागावू देत, सगळं सांग.

गार्डिनाल एकदम सोडली की दाबून धरलेली फिट दुप्पट जोरानं उसळते, एकीमागून एक. लगेच नाही येत. गोळीचा अंश अंगातून हळूहळू जातो, तोवर बरं वाटतं. ती तरतरी भांगेची नव्हे, गोळीची गुंगी उतरल्याची आहे. ब्राझीलच्या त्या रोग्यांनी जुनी औषधं सोडली नव्हती गं! ती चालू ठेवूनच त्यांना हे दिलं होतं. हे मी लिहायला हवं होतं. मला वाटलं, करू नको म्हटलं की झालं.

आज रात्रीच्या गाडीनं निघतोय. पत्राआधी बहुधा मीच पोचेन, तरी टाकतो. सगळं नीट असू दे.

तुझा,
नृसिंह


॥ श्री ॥
कोल्हापूर, २४ मार्च १९८१

चि. नृसिंहास अ. आ.

तू तेराव्यापर्यंत राहिलास, पण माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून लिहिते.

शिवरात्रीला दुपारी खिचडी खाताना तिला पहिली फिट आली. ती थांबते न थांबते तोच दुसरी. शमशादभाभींच्या रशीदभाईंनी रिक्षा काढली. भाभी तिचं डोकं मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यानंतर पोर शुद्धीवर आलीच नाही. डॉक्टरांनी सगळी शर्थ केली. गोळी कुणी बंद केली म्हणून विचारलं, तेव्हा माई पुढं झाल्या आणि म्हणाल्या, म्या केली. मी गप्प उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं. तुझी तार आली तेव्हा आम्ही पंचगंगेवरून परतत होतो.

माई जेवत नाहीत. ताट वाढलं तसं राहतं. त्यांच्यावर रागवायला गेले की त्यांचे हात दिसतात, पानं वाटून वाटून हिरवे झालेले, आणि राग तिथंच विरतो. तूही चूक माझी, चूक माझी म्हणत राहू नकोस. तू नको म्हणून स्वच्छ लिहिलं होतंस. मला त्या पत्रात औषध तेवढं दिसलं.

ती तरतरी गोळी उतरल्याची, असं तू म्हणतोस. असेल. तुझं शास्त्र मी खोटं कसं म्हणू? पण कितीतरी वर्षांनी माझी पोर मला भेटली होती रे. भांडली, रुसली, रात्री माझ्या गळ्यात हात टाकून बडबडत राहिली. ते दिवस आठवले की आधी हसू येतं आणि मग माझी मलाच शिसारी येते. बरी झाली नव्हती, हे कळलं मला. पण ती हेमू तरी खरी होती ना? शास्त्रात बघून एवढंच कळव.

तुझ्या अक्काला अंतर देऊ नकोस.

कालिंदी