तार किती उंच बांधावी?

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी तीनच अंगं टेकली, बाकीची मनातल्या मनात टेकवली असं समज.) तुझी कंबर कशी आहे? फोनवर विचारलं की तू "ठीक" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हा पत्राचा घाट. विषय गंभीर आहे. आमच्या गच्चीची डागडुजी झाली, त्यात माझ्या हॅम रेडिओची अँटेना गवंड्यानं गुंडाळून भंगारात दिली. आता नवी कोणती घ्यावी, ते तू सांग. रेडिओवरून गप्पा मारायचं लायसन्स आपण दोघांनी एकाच दिवशी काढलं, पण अक्कल तेव्हाही तुझ्याचकडे होती.

पहिला विचार होता मनोऱ्यावरच्या फिरत्या अँटेनाचा. इमारतीच्या सेक्रेटरींनी आराखडा उलटा धरून तासभर पाहिला आणि विचारलं, यावर पक्षी बसले तर जबाबदारी कोणाची? मनोरा तिथंच बारगळला. मग उभ्या नळीची अँटेना आणली. काय सांगू दादा! पहिल्याच सकाळी सातासमुद्रापलीकडचा एक दाढीवाला (आवाजावरून दाढी कळते) माझ्याशी हवापाण्यावर बोलला. मधेच शिंकला, तेसुद्धा स्पष्ट ऐकू आलं. पण रविवारी सकाळी आठला, आपल्या गप्पांच्या वेळी, नेहमीच्या जागी काटा लावला, तर तुझ्या गावाकडून नुसती खरखर. ही उभी बया लांबच्यांशी गोड बोलते आणि दीडशे मैलांवरच्या सख्ख्या माणसाला ओळखही देत नाही!

तेव्हा आईची कपडे वाळत घालायची तार आठवली. तिलाच आपण रेडिओ जोडला होता. तू आत कानाला हेडफोन लावून साहेबासारखा बसलेला, मी बाहेर स्टुलावर तारेचं टोक धरून. तू ओरडायचास, "वर घे, अजून वर!" मी वर घेतलं की ओल्या चादरी घसरत दुसऱ्या टोकाला जायच्या आणि मातीत पडायच्या. आई चादरींसाठी ओरडायची, तू स्टेशनसाठी, आणि धपाटे मात्र मला. शेवटी हात भरून आले, मी टोक खाली सोडलं, आणि शेजारच्या शहरातला माणूस खणखणीत बोलू लागला! खालची तार आवाज सरळ आभाळात फेकते आणि तो आसपासच्या गावांवर उतरतो, हे तू मला माझ्याच गणिताच्या वहीत आकृती काढून समजावलंस. (त्या पानावर गृहपाठ होता. त्याचेही धपाटे मलाच.) फार आठवण येते रे त्या दिवसांची.

तर मनोरा, नळी की तार? आमच्या हिचं मत तारेला आहे, टॉवेल वाळतात म्हणून. सवडीनं कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. : नाही कळवलंस तरी चालेल. तार मी महिन्यापूर्वीच बांधली, डोक्याला लागेल इतकी खाली. दर रविवारी टॉवेल काढून ऐकत बसतो.

आणखी एक ता. क. : खरखर तशीच आहे. वहिनी गेल्यावर तू तुझी तार उतरवून माळ्यावर टाकलीस, हे परवा पुतणीकडून कळलं. मी उगाच नळीला शिव्या देत होतो. दादा, फोन तू अर्ध्या मिनिटात ठेवतोस. रेडिओवर मी "ओव्हर" म्हणेपर्यंत तुला ऐकावं लागायचं, ते बरं होतं.

शेवटचा ता. क. : तारेचं दुसरं टोक वहिनी धरायची, म्हणून आता बांधवत नाही, असं म्हणालास म्हणे. शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. स्टूल बाहेर आणून ठेव. टोक मी धरतो, तू आतून ओरड.