माझी डस्ट ॲलर्जी

९ जानेवारी
डॉक्टर म्हणतात टीबी. मी समजावलं, आमची स्वतःची बोट आहे, घरात खाण्यापिण्याची आबाळ नाही; टीबी उपाशी लोकांना होतो. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. सहा महिने म्हणे. डॉक्टर नवीन दिसतो.
ठराव : कुणाला सांगायचं नाही. धाकट्या बहिणीचं, हिनाचं, घोलवडला जमत आलंय. विचारलंच तर डस्ट ॲलर्जी.

१० जानेवारी
बायकोने विचारलं, समुद्राकाठी धूळ कुठली? म्हटलं, हंसा, इंग्रजी आजार आहे, तुला नाही कळणार. मासळीची टोपली उचलून बाजाराला निघाली. पटलं असावं.

१६ जानेवारी, दुपारी
डहाणूत सगळे ओळखतात, म्हणून गोळ्या वाणगावहून घ्यायच्या. दवाखान्यात हेल्मेट घालूनच बसलो. नर्सने 'जिग्नेशभाई, चिखले' असं पुकारलं. काय गरज होती गावाची?
शेजारी तोंडाला रुमाल बांधलेले एक गृहस्थ. नीट पाहिलं तर नारूभाई, हिनाचे होणारे सासरे. म्हणाले, हिमोग्लोबिन दाखवायला आलोय. मी म्हटलं, मी ॲलर्जी. मग दोघांचंही वजन एकाच काट्यावर झालं, एकाच खिडकीतून सारख्याच गोळ्या मिळाल्या. त्यांनी काही विचारलं नाही, मीही नाही. असं घराणं शोधून मिळत नाही.

३ फेब्रुवारी
काळजी पूर्ण घेतोय. ताट, पेला वेगळा. खोकला शेजारच्या पुष्पाला ऐकू जाऊ नये म्हणून खोलीच्या खिडक्या बंद, टीव्ही मोठा. आत मी आणि हंसा. डॉक्टर म्हणतात खिडक्या उघड्या ठेवा. त्यांना पुष्पासारखी शेजारीण नसणार.
लघवी लाल होते. गोळ्यांनी होतं म्हणे. मला वाटतं उष्णता. शहाळी चालू केली.

११ मार्च
खोकला गेला. पँट घट्ट होते. म्हणजे बरा झालो. बरं झाल्यावर गोळ्या घेणं म्हणजे औषधाची नासाडी. बंद. शिवाय साखरपुडा जवळ आलाय आणि गोळ्यांवर दारू चालत नाही. नारूभाईंना एकट्याने प्यायला बसवायचं, हे वाईट दिसतं.
नर्सचा पुन्हा फोन. नंबर ब्लॉक केला.

२० मार्च
साखरपुडा झकास. नारूभाई आणि मी बोटीवर बसलो. त्यांचं हिमोग्लोबिन पूर्ण भरलंय, त्यांनीही गोळ्या सोडल्या. एकमेकांचं अभिनंदन केलं.

७ मे
पुन्हा खोकला. हवा बदललीय. हंसाही खोकतेय, बर्फातली मासळी हाताळून होत असेल. तिला म्हटलं, बाजारात टोपलीवर खोकू नकोस, गिऱ्हाईक तुटतं. बारीक झालीय. बरी दिसते.

१९ मे
हंसा मला न सांगता पुष्पाबरोबर जाऊन थुंकी तपासून आली. टीबी. वर बाजारात सगळ्या बायकांना सांगून टाकलं, मी औषध घेतेय, माझी जागा राखा. हिनाचं लग्न मोडलं, दुसरं काय.

२३ मे
घोलवडला गेलो, माफीची भाषा तयार करून. नारूभाई खाटेवर पडून, बरगड्या दिसतात. त्यांच्या बायकोने चहा दिला आणि म्हणाली, तुमचं आम्हाला जानेवारीपासूनच ठाऊक आहे, हे वाणगावहून आले त्या संध्याकाळीच यांनी सांगितलं. स्वतःचं मात्र त्यांनी हिमोग्लोबिनच सांगितलं होतं; ते आता तपासणीत उघडं पडलं. लग्न मोडायचं नाहीये. पण दोघे पुरुष औषध पुरं करेपर्यंत तारीख धरायची नाही, हे हिनाने आणि तिने मिळून ठरवलंय. मला कुणी विचारलंही नाही.

२६ मे, संध्याकाळी
माझी थुंकी पुन्हा घेतली. मध्येच औषध सोडल्याने जुन्या गोळ्या आता लागू पडतील का, ते बघणार आहेत. हंसाचीही तीच तपासणी.
येताना रिक्षात तिने विचारलं, मला हे कुठून लागलं असेल? मी रिक्षावाल्याला म्हटलं, हळू घे, धूळ उडतेय. मग म्हटलं, पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारू.
म्हणाली, विचारलंय मी.