टक्के तेच, वायू निराळा

बोईसर, मंगळवार संध्याकाळ

आज रसायन कारखान्याच्या पत्रकार परिषदेत मला सादळलेली खारी दिली. धर्मशास्त्रात गोहत्येलाही प्रायश्चित्त आहे, सादळलेल्या खारीला नाही.

कारखान्यातून गळणाऱ्या वासाबद्दल विचारलं, तर मॅनेजर म्हणाला, "ब्याण्णव टक्के कार्बन, बाकी हायड्रोजन. वेल्डिंगवाली गॅस है, पंडितजी. आप श्लोक लिखिए." मी बातमीदारांतला संस्कृतवाला, म्हणून सगळे हसले. मीही हसलो, खारी चघळत.

घरी आल्यावर रेवाला सांगितलं. लेक त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे.

"अहो बाबा, टक्क्यांवरून नुसतं प्रमाण कळतं, कार्बनचा अणू बारापट जड, म्हणून एका कार्बनला एक हायड्रोजन. वेल्डिंगच्या ॲसिटिलीनचं तेच, बेंझीनचंही तेच. वाफ तोलल्याशिवाय रेणू कळत नाही. आम्ही तोलली. हायड्रोजनच्या एकोणचाळीस पट जड."

हायड्रोजनचा रेणू दोनाचा, म्हणजे रेणुभार त्याच्या दुप्पट, अठ्ठ्याहत्तर. कार्बन-हायड्रोजनच्या एका जोडीचे बारा अधिक एक, तेरा. भागाकार सहा. सहा कार्बन, सहा हायड्रोजन: बेंझीन! रक्ताचा कर्करोग करणारं.

उद्या छापतोच. टक्के त्याच्याच तोंडचे, खाली हा भागाकार, आणि शेवटी श्लोक, खास फर्माईश म्हणून. खारीसकट वसूल करीन. हसा म्हणावं आता.

या आनंदात सहज विचारलं, "ती वाफ भरून आणली कुणी?"

"मीच. रोज मीच आणते." आणि भाजी चिरत राहिली.

तेव्हापासून बातमीची एक ओळ लिहिलेली नाही. मॅनेजरचं काय व्हायचं ते होवो. रेवाच्या अंगात आजवर किती गेलं असेल, याची मला भीती वाटते.