थॉर्नबीसाहेबाचा मुन्शी

३ फेब्रुवारी, भोकर
पोचलो. बंगला गावापासून तीन किलोमीटर. छताला सागवानी वासे चौदा, सगळे शाबूत. टेबलावर उजेड डावीकडून येतो. लिहायला याहून चांगली जागा नाही. प्राध्यापक रेणुकादास सरांच्या चरित्रकोशासाठी एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर, पंडित आणि पाद्री यांची चरित्रं लिहितोय. शेवटचं राहिलंय ते इथे राहून गेलेल्या रेव्हरंड थॉर्नबीचं. त्याचे कागद बाहेर न्यायला बंगला सांभाळणाऱ्या ट्रस्टची मनाई, म्हणून पंधरा दिवस मुक्काम.

मी, सिद्रामप्पा बिरादार, दहावी नापास, लातूरच्या छापखान्यात बावीस वर्षं मुद्रितशोधक. इंग्रजी आणि मोडी स्वतःच शिकलो. आजवर सरांची चार पुस्तकं मी लिहिली, नाव त्यांचं. या वेळी मुखपृष्ठावर माझंही येणार, तसा शब्द दिलाय. रत्नम्माला, म्हणजे बायकोला, फोन केला. म्हणाली, आधी छापून येऊ द्या, मग हुरळा.

६ फेब्रुवारी
थॉर्नबी पहाटे पाचला थंड पाण्याने अंघोळ करी, मोजून क्विनीन घेई, तारीखवार नोंदी ठेवी. माणूस पसंत पडला. त्याची सगळी कीर्ती बारा हजार शब्दांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशावर. लंडनच्या मृत्युलेखात तो 'एकहाती' केल्याचं म्हटलंय. पण हस्तलिखितातलं सगळं मराठी मोडीत आहे, इंग्रजी अर्थही त्याच हातचे. आणि साहेबाला मोडी येत नव्हती, तसं त्यानेच बहिणीला कळवलंय. प्रत्येक पानाच्या तळाशी सही: नरसिंग लिंबाजी. साहेबाच्या रोजनिशीत मात्र हा माणूस नुसता 'मुन्शी'. अकरा वर्षांत एकदाही नाव नाही.

स्वयंपाकाच्या पार्वतीबाईला विचारलं. ती म्हणाली, त्यो मेला तरी हितंच बसून राहिलाय, माझं नाव लिवा म्हणतो. मी हसलो.

८ फेब्रुवारी
सरांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बिरादार, पुराव्यावर पुस्तकं निघत नसतात." छपाईचा पैसा ट्रस्टचा, आणि ट्रस्टला साहेब मोठा हवाय. मुन्शीचं नाव घातलं तर चरित्रकोश अडकेल, मग माझ्या नावाचंही ते बघणार नाहीत. पदव्या मिरवणाऱ्यांना असं बोलायला काय जातं? रागाने तासभर अंगणात फेऱ्या घातल्या.

मग लिहिलं: 'थॉर्नबीने हा शब्दकोश एकहाती सिद्ध केला.' उद्या कुणी ताडून बघेल म्हणून तीनशे बारा पानांच्या तळच्या सह्या पट्टी लावून कापल्या. कडा अगदी सरळ आल्या. कापलेले तुकडे चुलीत घातले.

९ फेब्रुवारी
सकाळी पार्वतीबाई म्हणाली, "मुन्शीजी, च्या ठिवलाय." मी नाव सांगितलं. 'हाव' म्हणत मान डोलावली. दुपारी जेवायला वाढताना पुन्हा मुन्शीजी.

११ फेब्रुवारी
मुखपृष्ठाचा नमुना फोनवर आला. सरांचं नाव आहे. त्याखाली 'सहलेखक', पुढे कोरं. फोन केला. सर म्हणाले, मुन्शीजी, तुमचं नाव काही आठवेना हो, सांगा एकदा. सांगितलं. तीनदा सांगितलं. म्हणाले, बाकी ऐकू येतंय, नाव तेवढं येत नाही.

१२ फेब्रुवारी
कालचं लिहिलेलं तपासायला घेतलं. देवनागरीत लिहिलं होतं. ही मोडी आहे. अक्षराचं वळण माझंच. प्रत्येक पानाचा तळ कापलेला, कडा सरळ. मी कापलेला नाही.

१३ फेब्रुवारी
रत्नम्माला फोन. मी बोलतोय म्हटलं. कोण मी, म्हणाली. नाव सांगितलं. नरमाईने, परक्याशी बोलावं तशी — "चुकीचा नंबर लागलाय, मुन्शीजी."

तिला मुन्शी हा शब्द मी कधीच सांगितला नव्हता.

१४ फेब्रुवारी
'एकहाती' खोडलं. त्याचं नाव घालायला बसलो — तीनशे बारा वेळा वाचलेलं — येत नाही. चूल उपसली. राख. याच वहीत आहे, सहा तारखेला — पान उघडतो, नावाशी आलं की नजर घसरते. तीन तारखेलाही. तिथे माझं —

समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसलंय. भर दुपारी. काही करत नाही. थांबलाय नुसता. मी लिहायची वाट —

त्याचं नंतर. आधी माझं. मी, लातूरचा मुद्रितशोधक, रत्नम्माचा नवरा, मी