डाव्या कडेला कुणी उभं नव्हतं

मी, मॅलकी पॅट्रिक गिलहूली, वय बहात्तर, धंदा एके काळी फुटबॉल व पुढे टपालवाटप, राहणार ड्रमबॉय, जिल्हा लीट्रिम, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला कुणीही भरीस घातलेले नाही. २००१ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते.

१. अंत्यविधी साधा करावा. चहा, हॅमचे सँडविच आणि व्हिस्की कमी पडू देऊ नये. माझ्या खेळावर कुणी भाषण ठोकू नये. इंग्लंडमध्ये अकरा हंगाम डाव्या कडेने धावलो, एवढे पुरे.

२. जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली माती, कापायचे फावडे शेजारी बार्टली मॅकगोवर्न याला द्यावे. तसेही त्याने ते नऊ वर्षांपूर्वीच नेले आहे.

३. ज्या मॅनेजरने मला कडेवरून काढून बचावफळीत कोंबले, त्याला काही नाही. तो वारला आहे, तरीही काही नाही.

४. आता मुद्द्याचे. आमच्या गावचा फुटबॉल वेगळा, हातापायांनी खेळायचा. त्या काळी नियम असा, की जो परका, म्हणजे इंग्रजांचा, फुटबॉल खेळेल, किंवा नुसता उभा राहून बघेल, त्याचे नाव गावच्या संघातून कापले जाई. त्या परक्या खेळाच्या मैदानांच्या फाटकांवर वही घेऊन माणसे पाळत ठेवत. मी सतराव्या वर्षी इंग्लंडला निघालो तेव्हा थोरला भाऊ फर्गल गावच्या संघाचा कप्तान होता. स्टेशनवर म्हणाला, "तू जा. पण मी बघायला येईन असं धरून चालू नकोस."

तरी मी धरून चाललो. चेंडू बाहेर गेला की कडेच्या गर्दीत मी त्याचे तोंड शोधायचो. फार वाटायचे, तो एकदा तरी दिसावा. १९५७ साली आमचा संघ डब्लिनला आला. मी त्याला तिकीट पाठवले. नव्वद मिनिटे गर्दीकडे बघत होतो. तो दिसला नाही. मी पत्रे बंद केली, त्यानेही केली. मी परतल्यापासून गेली दहा वर्षे आम्ही एका शेताच्या अंतरावर राहतो आणि चर्चमध्ये मान डोलावतो.

५. गेल्या महिन्यात नोरा फॅलन नवऱ्याच्या मागे त्याचे सामान आवरत होती. तो त्या वहीवाल्यांपैकी एक. नोराने वही मला आणून दिली. त्यात डब्लिनचा तो दिवस, ते फाटक, आणि खाली: "फर्गल गिलहूली, ड्रमबॉय. आत गेला." या एका ओळीपायी त्याला वर्षभर बाहेर बसवले. त्या वर्षी जिल्ह्याचा अंतिम सामना गाव त्याच्याविना खेळले आणि एका गुणाने हरले. गावाला त्याने सांगितले, गुडघा दुखतो. तिकडे इंग्लंडात मला ते गुडघ्याचे कळले तेव्हा मी मनात म्हणालो, बरी खोड मोडली. देवाने मला क्षमा करावी.

६. म्हणून घर फर्गलला लिहून देणार होतो. कन्सीडाइन वकील म्हणाले, ज्याला मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. मग मी विचार केला. घर दिले तर त्याला ते मी मेल्यावर कळणार, त्याचा मला काय उपयोग? मला तो जिवंतपणी या खोलीत हवा आहे. सबब घर व दीड एकर जमीन त्याची मुलगी एथ्ना हिला. फर्गलला काही नाही. साक्षीला ये, असा निरोप वकिलांबरोबर धाडला. त्याने एवढेच विचारले, "किती वाजता?"

७. हे कलम लिहितो आहे तेव्हा तो समोर बसून चहा पितो आहे. साखर जास्त झाली म्हणतो. वही टेबलावर आहे, ती त्याने पाहिली. मी त्याला दुसरा कप ओततो आहे, बिनसाखरेचा.

ड्रमबॉय, १४ ऑक्टोबर २००८
(सही) मॅलकी गिलहूली

साक्षीदार, दोघेही एकाच वेळी हजर:

ह्यू कन्सीडाइन, वकील.

फर्गल गिलहूली, शेतकरी. सही होताना मी समोर होतो. डब्लिनलाही होतो, उजव्या कडेला. तू सगळा वेळ डावीकडेच बघत होतास, गाढवा.