घाटातला पाण्याचा थांबा

बाबा, काल नातीनं मला मोबाईलवर एक आगगाडी दाखवली. परदेशातली आहे. लोकांना डोंगर आणि तळी दाखवत फिरवायची, म्हणून छतापर्यंत काचाच काचा. चढावर डिझेलवर चालते, उतारावर आपली आपण बॅटरी भरून घेते, आणि स्टेशनात शिरताना डिझेल बंद करून नुसत्या बॅटरीवर गुपचूप येऊन उभी राहते. नात म्हणाली, "आजी, एका गाडीत दोन-दोन इंजिनं, कमाल आहे ना?" मी म्हटलं, कमाल कसली, माझ्या बापानं वाफेचं आणि डिझेलचं अशी दोन इंजिनं एकाच वेळी चालवली आहेत, आणि त्यातलं एक नुसतं डोक्यात होतं. तिला काही कळलं नाही. तुम्हाला कळेल, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही छोट्या लाईनीचे ड्रायव्हर. इतवारीहून छिंदवाड्याकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी तुम्ही चोवीस वर्षं वाफेवर हाकली. आमच्या क्वार्टरमध्ये साबणाचा वास कमी आणि कोळशाचा जास्त होता. घाट अर्धा चढला की गाडी पाणी भरायला थांबायची, तो थांबा मला अजून डोळ्यांसमोर आहे. रुळाच्या कडेला लोखंडी खांब, त्याची सोंड फिरवून इंजिनाच्या टाकीत सोडायची. तोवर सगळी गाडी खाली उतरते आहे. पुरुष विड्या पेटवतात, पोरं झाडामागे पळतात, बाया किटल्या घेऊन इंजिनाकडे जातात आणि भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनकडून उकळतं पाणी मागून घेतात. आई घरूनच अॅल्युमिनियमच्या किटलीत चहापत्ती आणि साखर घालून आणायची. तो चहा लोखंडाच्या चवीचा असायचा, आणि तसा चहा मी पुन्हा कुठे प्यायले नाही.

मग सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे डिझेल इंजिनं आली. जो डिझेल शिकून पास होईल तो लाईनीवर राहील, बाकीचे यार्डात डबे ढकलतील, असं ठरलं. तुमची पन्नाशी जवळ आली होती. यार्डाचं नाव काढलं की तुमचा चेहरा उतरायचा. "थ्या यार्डात गाडी चालवनं म्हंजे घरातल्या घरात फिरनं," तुम्ही आईला म्हणालात. डिझेलचं पुस्तक होतं इंग्रजीत आणि तुमचं शिक्षण सातवी. मी तेव्हा बीएस्सीला, विषय भौतिकशास्त्र, म्हणजे शिंगं फुटलेली. रोज संध्याकाळी आई भाकरी थापायची आणि मी चुलीच्या उजेडाशेजारी बसून एकेक पान मराठीत सांगायची. तुम्ही ते पेन्सिलीनं वहीत उतरवायचात. मला शिकवायला फार आवडत होतं, खोटं कशाला सांगू. बापाच्या चुका काढायला कोणत्या मुलीला आवडत नाही.

एका संध्याकाळी मी जरा जास्तच बोलले. म्हटलं, "डिझेलमंधी हाय काय बाबा? सकाळी रेडिएटरात पानी टाकलं का दिवसभर पाहाची गरज नाही. भट्टी नाही, कोळसा नाही. कोनी बी चालवन." तुम्ही हातातला घास ताटात ठेवला. "इंजिनाले पानी नसन लागत वं," तुम्ही म्हणालात, "पन त्या घाटात थांबत होतो म्हनून मले दरी दिसली. चोवीस वर्षं दिसली. तू नुसती पुस्तकातली गाडी चालवून राहिली." आई भाकरी उलटायची विसरली. मी मनात म्हटलं, शिकवणारी मी आणि बोलणी खाणारीही मीच.

त्या हिवाळ्यात साहेबलोकांनी सहलीसाठी एक खास गाडी काढली. डिझेल इंजिन, मागे मोठमोठ्या खिडक्यांचे दोन डबे, रविवारी सकाळी निघायचं, घाट बघायचा, संध्याकाळी परत. पहिल्या फेरीला अधिकारी, त्यांच्या बायका आणि शहरातले काही पाहुणे. ड्रायव्हर तुम्ही. ही तुमची शेवटची परीक्षा होती. इंजिनात तुमच्या शेजारी इन्स्पेक्टर साहेब उभे राहणार आणि परत आल्यावर कागदावर लिहिणार, लाईन की यार्ड. मला मागच्या डब्यात जागा मिळाली. तुम्ही कपाळावर आठी न घालता इंजिनात चढलात.

गाडी छान चालली. सौंसर गेलं, चढ लागला, धूर नाही, डोळ्यांत कोळशाचा कण नाही. पाहुणे खूश. आणि अर्ध्या घाटात गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि मऊ ब्रेक लागून थांबली. मी खाली उतरले, इंजिनापर्यंत चालत गेले. इंजिन बरोबर त्या लोखंडी खांबाशी उभं. एक वीत पुढे नाही, एक वीत मागे नाही. तुमचा मदतनीस, कालपर्यंतचा फायरमन, खांबाची सोंड निम्मी फिरवून तसाच धरून उभा. तुम्ही खाली, कमरेवर हात ठेवून, टाकी कुठे आहे ते शोधत असल्यासारखे इंजिनाकडे बघताय. डिझेलच्या इंजिनाला तशी टाकीच नाही. आणि साहेबही खाली उतरलेले, मान वर करून सोंडेकडे पाहत असलेले. मला वाटतं तिघांनाही एकाच क्षणी उमगलं. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"थांबला काहून गा?" साहेब म्हणाले.

तुम्ही तोंड उघडलंत. तुम्ही खरं सांगणार होतात, हे मला दिसलं. मागून पाहुणे येत होते. थंडी होती, मी शाल दोन्ही हातांनी अंगाभोवती घट्ट ओढली आणि बोलून टाकलं. "साहेब, इथून दरी सगळ्यात चांगली दिसते. बाबा म्हणालेच होते घरी, की लोकांना दरी दाखवायची तर इथंच थांबायला पाहिजे." एवढ्यात एका अधिकाऱ्याच्या पत्नी पुढे आल्या, दरी पाहिली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "किती छान सोय केली आहे हो." कुणी फोटो काढले, कुणी संत्री सोलली. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पाच मिनिटांनी तुम्हाला खूण केली. तुम्ही माझ्याकडे न बघता इंजिनात चढलात.

घरी आल्यावर तुम्ही जेवला नाहीत. "मी चूक केली," तुम्ही म्हणालात. "चूक माही. सांगाचं बी मलेच होतं. तू काहून बोलली वं मधात?" मी म्हटलं, तुमची लाईन वाचावी म्हणून. त्यावर तुमचा आवाज चढला. खोट्यावर मिळालेली लाईन नको, असं तुम्ही म्हणालात, आणि सोमवारी सकाळी खरोखरच एक कागद लिहून साहेबांकडे गेलात. सवयीनं गाडी थांबवली, घाटात, पाण्यासाठी. खाली सही. यार्ड तर यार्ड. आई दिवसभर दारात.

संध्याकाळी तुम्ही आलात ते हसत. चुलीपाशी बसून सांगितलंत की साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "मी बी फायरमनच होतो गा आधी. मी काय दरी पाहाले उतरलो होतो? हे लिहाचं असन तर माहं नाव वर लिही." मग कागद तुम्हाला परत दिला. लाईन तुमची राहिली. आणि पुढच्या रविवारपासून त्या गाडीच्या वेळापत्रकात घाटात पाच मिनिटं थांबा आला. आई हसता हसता रडली. तुम्ही हात धुतलेत, माझ्याकडे वळलात आणि सावकाश विचारलंत, "अजून काही सांगाचं हाय का तुले?" मी म्हटलं, "नाही बा."

त्यानंतर मी तुम्हाला किती छळलं. ड्युटीवर निघालात की दारातून ओरडायची, "बाबा, डिझेलात पानी भराले विसरू नका बरं." सगळी क्वार्टरं हसायची. लग्नात माझ्या नवऱ्याला पहिली गोष्ट सांगितली ती हीच. मुलांना, नातवंडांना, माहेरपणाला आलेल्या मैत्रिणींना. दरवेळी गोष्टीत मी हुशार आणि तुम्ही विसरभोळे. तुम्ही शेवटी दवाखान्यात होतात, पाणी मागितलंत, तर मी म्हटलं, "घाट आला का बाबा?" आणि तुम्ही हसलात. इतकी वर्षं तुम्ही ती थट्टा हसून सोसलीत. मला आता त्याची लाज वाटते.

कारण त्या दिवशी मी काय झालं ते बघायला उतरलेच नव्हते, आणि दरी बघायला तर मुळीच नाही. गाडी हळू झाली तशी मी आईची किटली उचलली होती. चहापत्ती आणि साखर मी स्वतःच्या हातानं घरून घालून आणली होती. इंजिनापाशी पोचून फायरमनला हाक मारायला तोंड उघडलं, तेव्हा भट्टी दिसेना. तुम्हाला डिझेलचं पान न् पान मी शिकवलं होतं, आणि डिझेलच्या इंजिनाकडे मी उकळतं पाणी मागायला गेले होते. शाल ओढली ती थंडीनं नाही, किटली झाकायला. ते खोटं मी तुमच्यासाठी बोलले असं सगळ्यांना सांगत आले, पण लोकांनी दरीकडे बघावं आणि माझ्या हाताकडे बघू नये, एवढंच तेव्हा मनात होतं. तुमची लाईन मला नंतर आठवली.

तुम्ही एका दिवसात जाऊन सांगून आलात. तुम्ही विचारलं होतं, अजून काही सांगायचं आहे का. होतं, बाबा. तुम्ही किटली पाहिली होती का, हे विचारायची मात्र हिंमत आजही होत नाही. किटली माझ्याकडेच आहे. हे पत्र घडी करून तिच्यातच ठेवते आहे, तिचं झाकण आता नीट बसत नाही.