दुसऱ्या शनिवारी कुलूप

मी, कुमारी हिरा गोविंद तामोरे, वय एकाहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार मांगेलवाडा, डहाणू, जिल्हा पालघर, आज पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला आलेल्यांना मी चहा न देता परत पाठवले आहे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी माझे घर ‘किनारा संवाद मंच’ या संघटनेला दिले होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते. कारण पुढे येईलच. ते वाचायला मंचाच्या मनिषला कोणीतरी खुर्ची द्यावी.

१. घर माझ्या पगारातून बांधलेले, स्वकष्टार्जित आहे. त्यावर भावाबहिणींचा किंवा त्यांच्या मुलांचा हक्क नाही. पुढे एक मोठी खोली, मागे स्वयंपाकघर आणि निजायची खोली. पायरीसमोर मासळी सुकवायचे मैदान आहे. ते माझे नाही. कागदावर ते सरकारचे आहे. बोंबील टाकायचे बांबू मात्र तिथे आळीतल्या मासळीवाल्या कमळीच्या आजीच्या वेळेपासून उभे आहेत.

२. माझा भाचा हितेश याला घर मिळणार नाही. गेल्या पावसाळ्यात मी तापाने पडले असताना तो सफरचंदे घेऊन आला आणि मला झोप लागली असे समजून पुढची खोली मोजू लागला. पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या काढणार होता म्हणे, समुद्र दिसणाऱ्या. त्याची मोजपट्टी माझ्या पलंगाखाली राहिली आहे. ती त्याला द्यावी.

३. आता मंचाविषयी. मनिष आमच्याच आळीतला, होडीवाल्याचा मुलगा. शिकला, चळवळीत पडला आणि एक दिवस माझ्या पायरीवर येऊन म्हणाला, “मावशी, आपल्या माणसांना बसून बोलायला जागा नाही.” मी पुढची खोली दिली. अट एकच घातली: सभा भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांतच व्हायची. अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते, जाळी लावून उपयोग नसतो, होड्या किनाऱ्याला असतात आणि बायकांचे हात रिकामे असतात. उधाणात आमच्याकडे कोणाला श्वास घ्यायला सवड नसते. हे मनिषला शिकवावे लागले नाही. तो ते आईच्या दुधाबरोबर प्याला आहे, म्हणूनच माझा राग जास्त आहे.

सुरुवातीच्या त्या सभा मी कधी विसरणार नाही. अध्यक्ष नसे. ज्याचा आवाज मोठा त्याने आधी बोलायचे, आणि कमळीपेक्षा मोठा आवाज या किनाऱ्यावर नाही. शेजारी बोंबील सुकवणारी रूपी तिच्याशी बांबूंच्या हद्दीवरून भांडे, तेही सभेतच. तलासरीच्या बाजाराला सुकी मासळी नेणारी नवशी दाराशी टोपलीला टेकून सगळे ऐके आणि शेवटी असा एकच प्रश्न विचारी, की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून बोलावे लागे. मी जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडले. कोण मनापासून बोलतो आणि कोण नुसता ऐकू येतो, हे मला कळते. त्या खोलीत लोक बोलत होते.

४. मग मुंबईचे पाहुणे येऊ लागले. खुर्च्या आल्या, माईक आला, भिंतीवर माझ्या घराचे नाव पुसून मंचाचे नाव आले. पाहुण्यांना सुट्टी शनिवारी असते म्हणून सभा दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ठरली. मी हरकत घेतली तेव्हा मनिष म्हणाला की शिस्त हवी, तारीख ठरलेली हवी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे; शिस्त काय ते मला त्याने सांगू नये. तिथल्या नन्सनी मला मासळीच्या वासावरून टोमणे मारले असतील, पण तोंडावर मारले. माझ्या पाठीमागे काही ठरवले नाही.

५. यंदा एप्रिलचा दुसरा शनिवार चैत्र पौर्णिमेला आला. म्हणजे ऐन उधाण, आणि त्याच दिवशी विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा सुरू. पुरुष दर्यात, अर्ध्या बायका खाडीवर मासळी घ्यायला, उरलेल्या जत्रेत सुके बोंबील विकायला. त्या दिवशी डहाणूत सभा ठेवायला माणूस एकतर परका हवा किंवा लबाड. मनिष परका नाही.

खोलीत तो, पाहुणे आणि कॅमेरा घेतलेली मुले होती. समोरच्या मैदानावर ‘किनारा माहिती केंद्र’ बांधायला समाजाची संमती आहे, असा ठराव वाचून दाखवला गेला. मी उठून विचारले, समाज कुठे आहे? मनिष हसून म्हणाला, “मावशी, तुम्ही भावनिक होताय. चहाचं तेवढं बघा.” ठरावावर ‘एकमताने’ असे लिहिले गेले. घरमालकिणीला मत नसते, असे मला नंतर समजावण्यात आले.

दुसऱ्या दिवशी मैदानात चुन्याच्या रेघा आणि खुंट्या होत्या. कमळी जत्रेतून परतली ती सरळ माझ्या पायरीवर. ओरडली नाही. कमळी ओरडली नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. म्हणाली, “बाय, तुझ्या घरात ठरलं ना?”

मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार?

६. पुढच्या भांगात मी मंचाचे कुलूप काढून माझे लावले आणि बायकांना बोलावले. खोली भरली, पायरी भरली. कमळी आणि रूपी नेहमीसारख्या भांडल्या, आणि भांडता भांडता दोघींनी मिळून खुंट्या उपटल्या. नवशीने विचारले, “आज उपटल्या. परत ठोकल्या आणि तेव्हा तू नसलीस, तर आम्ही बोलायला बसायचं कुठं?” संमती नाकारल्याचा आमचा अर्ज तहसील कचेरीत अजून पडून आहे. नवशीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हे मृत्युपत्र.

७. माझे घर मी कमळी, रूपी आणि नवशी या तिघींना समाईक देते. त्यांनी ते विकू नये, भाड्याने देऊ नये. त्यांच्यानंतर कोणाकडे जावे ते भांगाच्या सभेत ठरवावे. पुढची खोली सभेसाठीच राहील आणि भांगातच उघडेल. बँकेतली शिल्लक घरपट्टी, वीजबिल आणि छपरासाठी वापरावी. कमळी आणि रूपीने समेट करण्याची अट मी घालत नाही. खोलीचे नुकसान होईल.

८. खुर्च्या आणि माईक मंचाने घेऊन जावे. मनिषला मी माझी तिथी दाखवणारी दिनदर्शिका देते. चैत्र पौर्णिमेच्या चौकोनावर मी लाल शाईने फुली मारली आहे.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मैत्रीण वर्षा मेहेर, निवृत्त शिक्षिका, हिने करावी. ती माझ्याइतकीच कडक आहे, फक्त हळू बोलते.

१०. मंच माझी शोकसभा ठेवील, फोटोला हार घालील, हे मला ठाऊक आहे. सभा ठेवायचीच तर भांगात ठेवावी, म्हणजे मला शिव्या देणारेही येऊ शकतील. दुसऱ्या शनिवारी येणाऱ्यांना दाराला कुलूप दिसेल. किल्ली कमळीकडे असेल, आणि कमळी खाडीवर असेल.

वरील मजकूर मी वाचला, पुन्हा वाचला, एकही शब्द मऊ करावासा वाटला नाही. दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी सही केली आणि माझ्या समोर त्यांनी.

सही: हिरा गोविंद तामोरे

साक्षीदार:
१. रामा धर्मा पागधरे, होडीमालक, मांगेलवाडा, डहाणू
२. चंद्रा वामन दवणे, शिवणकाम, डहाणू

ठिकाण: डहाणू, घराची पुढची खोली
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५, कार्तिक वद्य अष्टमी. होड्या किनाऱ्याला आहेत.